गाथेतल्या बाईचा निळा शेला

आई, लांबूनच तुझ्या पाया पडते.

मी बरी आहे. ऑलिव्ह यंदा भरपूर लागलेत. तुझे गुडघे कसे आहेत?

हे अजून क्रीटच्या लढाईवरच आहेत. ह्यांच्या द्राक्षमळ्यावर डोळा असलेल्या थेरोनभावजींनी घरी एक गाथा गाणारा आणून ठेवलाय. त्याच्या गाथेत नवरा लढाईवर जातो आणि बायको परक्याला दार उघडते. काल त्याने गाण्यात त्या बाईला माझ्यासारखाच निळा शेला पांघरवला. पाहुणे माझ्याकडे बघून हसले.

मी म्हटलं, "बुवा, दुसरं काही गा."

भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्हाला का झोंबतंय?"

त्या गाणाऱ्याला भावजी आता क्रीटला ह्यांच्या छावणीत धाडताहेत. बाबांना म्हणावं, त्याच्या आधी ह्यांना गाठा. ह्यांनी गाथा आधी ऐकली, तर घरी येतील ते तलवार उपसूनच. मला मारून हे परागंदा झाले, की मळा भावजींचाच.

गुडघ्यांना तेल लावत जा. शेला मी अजून निळाच पांघरते.

तुझी मिर्टो