आईचा उजवा खुबा

प्रिय आबा,

तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला काही विचारलं नव्हतं. आज विचारायचं आहे, कारण ज्याला ठाऊक असेल असं दुसरं कुणी उरलेलं नाही. आधी काय झालं ते सांगते.

१. भाताचा पेंढा काढायला आई माळ्यावर चढली. शिडी सरकली.
२. डाव्या खुब्याची वाटी मोडली. तीन तुकडे.
३. सर्जननी हाडाचं मॉडेल मागवलं. पुण्यात ही मॉडेलं जिथे छापतात, तिथेच मी काम करते.
४. गुरुवारी ऑपरेशन आहे.

तुम्ही गावात सांगायचात, "पोरगी प्लास्टिकची हाडं करती." बरोबरच होतं. स्कॅनवरून हाडाची हुबेहूब प्रत छापायची. सर्जन धातूची पट्टी आधीच तिच्यावर वाकवून ठेवतात, म्हणजे ऑपरेशनमध्ये वेळ कमी जातो. आजवर माझ्याकडे आलेल्या हाडांना फक्त क्रमांक होते. या वेळी क्रमांक कुणाचा, ते मला माहीत आहे.

मोडलेल्या कमरेच्या हाडाची पहिली प्रत मी आईला दवाखान्यात दाखवली. ती उलटसुलट करून बघत राहिली. "येवढ्याशात दोन पोरं वाढवली व्हय म्या?" शेजारच्या खाटेवरची बाई हसली. मला हसू आलं नाही.

भीती कशाची, ते सांगते. मोडलेली वाटी मुळात कशी होती हे कळावं म्हणून आम्ही चांगल्या बाजूचा आधार घेतो. उजवं हाड संगणकावर उलटवून डावं म्हणून छापतो आणि पट्टी त्यावर बेततो. आईची उजवी बाजू किंचित आत वळलेली आहे. जन्माचीच ठेवण, की कधी मोडून सांधलेली? स्कॅनवरून सर्जननाही ठाम सांगता येईना. सांधलेली असेल, तर पट्टी चुकीच्या आकाराची होईल.

यापूर्वी हाड मोडलं होतं का, असं त्यांनी आईला विचारलं. न्हाई, म्हणाली. मी विचारलं तेव्हाही न्हाई. पुन्हा विचारलं तर चिडली, आणि मग सगळं बाहेर आलं. लग्नानंतरच्या पहिल्या लावणीत ती बांधावरून पडली होती. तुम्ही आणि काकांनी घोंगडीची झोळी करून तिला मार्गासनीपर्यंत आणलं, तिथून एसटीनं कामथडीच्या हाडवैद्याकडे नेलं. पुढे महिनाभर लेप. मी म्हटलं, मग हे डॉक्टरांना का नाही सांगितलंस?

"डॉक्टराकडं कुठं गेलो हुतो? पाल्याच्या लेपानं बरं झालं, त्ये काय मोडणं व्हय?"

कोणती बाजू, ते तिला आठवत नाही. "तुझ्या आबास्नी ठावं. लेप त्येच लावायचे."

काकांना फोन केला. "म्या झोळीच्या पुढं हुतो, पोरी, पाठ तिच्याकडं. मागं तुझे आबा."

वैद्य तर कधीच गेले. महिनाभर रोज लेप लावलात आबा, आणि मला एकदाही सांगितलं नाहीत? तुमच्यासमोर बसून मी हाडांचाच अभ्यास करत होते!

मापं मी पुन्हा पुन्हा तपासली. मग संगणक बंद केला. ऑफिसात मी शांत दिसते. सर्जन म्हणाले, "तुम्ही सांगाल त्या मॉडेलवर जाऊ." दुसऱ्या कुणाच्या आईबद्दल म्हणाले असते, तर मला अभिमान वाटला असता.

एक शब्द देते. तुमच्याकडून काही कळलं नाही, तर अंदाजानं उजवी बाजू उलटवणार नाही. तिन्ही तुकडे वेगळे छापीन आणि कडेला कड लावून स्वतः जुळवीन. कडा चुरलेल्या आहेत, त्यामुळे त्याचीही खात्री नाही. पण जे मला माहीत नाही, ते माहीत असल्यासारखं छापणार नाही.

छपाई मंगळवारी संध्याकाळी सुरू करावी लागेल. लेप उजव्या खुब्याला लावत होतात की डाव्या? मंगळवारी दुपारपर्यंत कळवा.

तुमची,
मनीषा