सोयाबीनवरच्या चार चादरी

धाकटे मेहुणे यांस,

भाऊजींचा आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? माझं ठीक चाललंय, म्हणजे डाव्या कानात गुणगुण असते, छातीत अधूनमधून धस्स होतं आणि झोप नको त्या वेळी येते. बाकी उत्तम.

तुमच्या ताईने जाण्याआधी डब्यात जपून ठेवलेलं सोयाबीनचं बी या खेपेला मी सगळंच मागच्या अंगणात पेरलं. (तुमच्या वाटणीचं बी उंदरांनी खाल्लं, त्याबद्दल मी काही म्हणत नाही, आपली आठवण म्हणून लिहिलं.) आणखी ठेवलं तर उगवणार नाही, असं बियाण्याचा दुकानदार म्हणाला होता. म्हणजे हे गेलं की तुमच्या आईपासून चालत आलेलं बी संपलं.

रोपं छान आली. बारीक जांभळी फुलंही आली, आणि रोज सकाळी निम्मी खाली. मला वाटलं, ऊन सोसत नाही. मी चौथी शिकलेला, जन्मभर लाकडी पेट्यांना खिळे ठोकले, मला झाडाच्या मनातलं काय कळणार. दोऱ्या ताणल्या, वर तुमच्या ताईच्या चार जुन्या चादरी टाकल्या, कडांना चिमटे लावले आणि दिवसातून तीनदा पाणी सुरू केलं. गळ दुपटीने वाढली. आता नखाएवढ्या शेंगाही पडायला लागल्या. देठाशी स्वच्छ सुटलेल्या. ना किडीचं भोक, ना पाखराची चोच. कुणी निवडून खुडाव्यात तशा.

आणि मग ते दुपारचं. वारा नसताना (समोरच्या धुराड्याचा धूर सरळ वर जातो, त्यावरून मी खात्री करतो) तिसरी चादर मध्येच फुगते. आधी पाठीचा बाक दिसतो, मग डोकं. ओळीच्या टोकापर्यंत जातं आणि वळतं, डाव्या पायावर जरा जास्त भार देऊन. तुम्हाला ठाऊक आहे तसं कोण चालायचं. पहिल्या दिवशी मी घरात पळालो. दुसऱ्या दिवशी खुर्ची नेऊन ठेवली. आता चहाही तिथेच घेतो. चादर उचलून मात्र बघितली नाही. खाली नुसती माती निघाली तर?

शेवटी दुकानदाराला आणून रोपं दाखवली. (बाकीचं सांगितलं नाही, तो तसाही माझ्याशी लहान पोराशी बोलावं तसा बोलतो.) म्हणाला, "आजोबा, सोयाबीन निम्म्याहून जास्त फुलं आपणहून टाकतं. पोसवेल तेवढंच ठेवतं. तुम्ही त्याचं ऊन तोडलंत आणि मुळं पाण्यात बुडवलीत, मग ते आणखी टाकणार. चादरी आजच काढा, नाहीतर आहेत त्या शेंगाही जातील."

काढा म्हणायला त्याचं काय जातंय. चार दिवस झाले, चिमट्याला हात लावतो आणि परत येतो. चादरी काढल्या तर बी वाचेल, पण दुपारी येतं ते कुठे जाईल? "तुमच्या हातात काही टिकायचं नाही," असं ती चादरींच्या घड्या घालताना दरवेळी म्हणायची. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. ती झटका द्यायची आणि माझं टोक सुटायचं.

असो. प्रकृतीला जपा. घरी सगळ्यांना विचारलं म्हणून सांगा.

तुमचा भाऊजी

ता. क. : पत्राचं खरं कारण असं की रविवारी येऊन चादरी तुम्ही काढा. मी तेवढा वेळ घरात पाठ करून बसेन.

ता. क. दुसरा : पत्र टाकायचं राहूनच गेलं. परवा दुपारी खुर्चीत डोळा लागला. जागा झालो तर रोपांवर लख्ख ऊन, आणि चारही चादरी पायरीवर एकावर एक, घडी घालून, टोक आत खोचून, अगदी तिच्या पद्धतीने. ती घडी एकट्या माणसाला जमत नाही. माझी बोटं अजून दुखतायत, कुणी हिसका दिल्यासारखी. या खेपेला माझं टोक सुटलं नसावं. काल तीनच शेंगा गळल्या, आज एकही नाही. तेव्हा रविवारी येऊ नका. शेंगा वाळल्या की या, आणि येताना घट्ट झाकणाचा डबा आणा.