तानसेनणे : एका क्रियापदाची करणी

देवळी, ३ ऑगस्ट १९५४
आजवर मानवजातीवर पुष्कळ अन्याय झाले; आज माझ्यावर झाला. आरामखुर्चीचे कापड फाटले. ज्या देहाने साप्ताहिकाचे विनोदी सदर वर्षानुवर्षे पडून लिहिले, त्याला आता ताठ बसावे लागणार. कापड आणायला वामनबुवांच्या दुकानी गेलो. बुवांनी कात्री उचलली आणि "ही खास मियाँ तानसेनाची चीज हाय बरं का, भाऊ" म्हणून जे सुरू केले, ते थांबेचना. कात्री हवेत, कापड तसेच.

घरी येऊन ताठ बसूनच नवे क्रियापद पाडले. तानसेनणे : हातातले काम टांगून गळा दाखवणे. उदा. पुढारी तानसेनतात. मजकूर वर्ध्याला धाडला. बुवांचे नाव घातले नाही. सभ्यता!

१० ऑगस्ट
अंक आला. टपालमास्तर : "झकास, भाऊ!" दिवसभर फुगून होतो.

१४ ऑगस्ट
वर्ध्याला निघालो. मोटार नुसती घुरघुरे. कंडक्टर म्हणाला, "तानसेनून राह्यली निसती, सरकून नाई राह्यली!" सगळी मोटार हसली. हा शब्द कुणाचा, त्याला ठाऊक नाही! सांगणारच होतो. पहिले मूल झाले तेव्हाही इतका...

१९ ऑगस्ट
बुवांच्या दुकानासमोर थबकलो. आत एक बाई. बुवांनी फक्त "किती वार पायजे?" एवढेच विचारले. बाई म्हणाली, "तानसेनू नोका, बुवा. पोलक्याचं फाडा लवकर."

दुकानातली माणसे हसली. बुवांनी कापड फाडले. टर्रकन. वर पाहिले नाही.

मी रस्त्याच्या या बाजूला. खुर्चीचे कापड मागायचे होते. तसाच परतलो. हे असे होईल असे वाटले नव्हते. खरेच नव्हते.

२३ ऑगस्ट
गणपती मंडळाची सभा. आमच्याकडे स्थापनेच्या रात्री गाण्याची पहिली बैठक बुवांची. दरसाल आळीतल्या एका घराने त्यांच्या दारी नारळ न्यायचा. नारळ आला तर बुवा निघतात. नाही आला तर नाही. यंदा पाळी आमच्या घराची.

सेक्रेटरी मधुकर म्हणाला, "नारळ राहू द्या, भाऊ. बुवा तानसेनतीन अन् पोट्टे हुर्यो करतीन. त्यापेक्षा भोंग्यावर रेकॉर्डी लावू." सगळे हसले आणि माझ्याकडे वळले. माझ्याकडून आणखी एक टोला हवा होता. पानाचे निमित्त करून उठलो.

घरी सौ. म्हणाली, "दुकानात गातात ते घोकणं हो. त्या एका रात्रीसाठी."

२४ ऑगस्ट
शब्द माझा. तो सरळही मीच करणार. लिहिले : "तानसेनणे म्हणजे जीव ओतून गाणे. आमचे वामनबुवा तसे गातात. भाग्य आमचे." अक्षर न् अक्षर खरे. या वेळी नाव मुद्दाम घातले. हलके वाटले.

३१ ऑगस्ट
अंक आला. टपालमास्तर डोळे पुसत होते. मला वाटले, गहिवरले. "भाऊ, आता तं कहर केला! 'भाग्य आमचे'! मेलो हसून हसून!"
"अहो, खरं लिहिलंय."
ते आणखीच हसले.

मी 'आज पाऊस पडला' असे लिहिले तरी ही माणसे हसणार.

संध्याकाळी बुवा आले. बसले नाहीत. हातात अंकाची घडी.
"पहिल्या खेपेले नाव नवतं, भाऊ. म्या म्हटलं, असन कोनी दुसरा. आता नाव बी टाकलं? काऊन?"
"बुवा, मनापासून लिहिलं हो."
"तुमी मनापासून कवा लिवता अन् मस्करीत कवा, हे मी कशावरून वयखू? सांगा ना."

मी खुर्ची पुढे केली. फाटकीच!

जाता जाता म्हणाले, "तंबोरा गवसनीत बांधला. पोरीकडे नाचनगावले धाडून देतो. तिची पोरं वाजवतीन, नाई तं मोडतीन." रागाने बोलले असते तर बरे झाले असते.

१ सप्टेंबर
गणपती बसले. दिवेलागणीपासून भोंगा सुरू. मधुकरला विचारले नाही. फडताळातला नारळ घेतला. सौ.ने त्याला कुंकू लावले. पाळी आमची होती. आम्ही एक नारळ देणे लागत होतो, एवढेच.

दार बुवांच्या बायकोने उघडले. तंबोरा भिंतीला टेकलेला, गवसणीला सुतळी गुंडाळलेली. सकाळच्या मोटारीने जायचा.

नारळ उंबऱ्यावर ठेवला.
"काय सांगू त्यायले?"
वाटेत चार वाक्ये जुळवली होती. चारही ऐकायला माझ्या सदरासारखीच लागली असती. म्हणालो, "काही सांगू नका, वहिनी."

ओटा उतरलो. मागून बुवांचा आवाज आला, "कोन होतं वो?"

त्या काहीतरी बोलल्या. भोंग्यात ऐकू आले नाही. मंडपाकडे न जाता कोपऱ्यावर उभा राहिलो. दार अजून लावलेले नव्हते.