मागून म्हणणारी बाई

सोमवार, २ डिसेंबर

हेडफोनमध्ये एक बाई आहे! मी ओळ म्हटली की तीच ओळ माझ्यामागून म्हणते. आवाज माझाच, पण उशिरा. कॉम्प्युटरातून फिरून येतो म्हणे.

हंसाताई नाशिकला मुलीकडे कायमच्या चालल्या. अठरा वर्षं भजनी मंडळात त्या पुढे म्हणायच्या, आम्ही मागून. आता ज्यांना पुढे म्हणायचंय त्यांनी रविवारपर्यंत रेकॉर्डिंग पाठवा, असं ग्रुपवर आलं. मला म्हणायचंय! ह्यांना सोडून कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनी लगेच माइक आणला, तो कॉम्प्युटरला जोडायची डबी आणली, जोडून दिली — आणि स्वतः लांब जाऊन बसले.

गौळण धड झालीच नाही. दुसरं कुणी म्हणायला लागलं की मी गप्प, ही जन्माची सवय. प्रत्येक ओळीनंतर एक आवर्तन सोडून मग पुढची धरली.

मंगळवार, ३ डिसेंबर

शेजारच्या मर्विनला बोलावलं. पापडीच्या चर्चमध्ये कॉयरला कीबोर्ड वाजवतो. माझे हेडफोन बघून हसला — "आंटी, ब्लूटूथ? अर्धा उशीर तर ह्याच्यातच! वायरवाला लावा ना." लावला. बाई जवळ आली, गेली नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

मर्विनने बफर नावाचा आकडा हजारावरून चौसष्टवर आणला. उशीर गेला, पण आवाज असा तडतडला की हे बाहेरून ओरडले, "फोडणी करपतेय का गं?" मग दोनशे छप्पन्न केला. तडतड गेली, बाई परत! चिवट. माझ्यावरच गेलीय.

शुक्रवार, ६ डिसेंबर

डबीवरच एक बटण निघालं. दाबलं की आवाज कॉम्प्युटरात न जाता थेट कानात. इतके दिवस नाकासमोर होतं! मर्विन स्वतःवरच चिडला.

उशीर शून्य. बाई गेली. आणि मला गाताच येईना! ओळ संपली की नुसती शांतता. घाबरून दोन मिनिटांत गौळण उरकली. मर्विन गेल्यावर रडले. पुढे म्हणणं आपलं काम नाही, हेच खरं.

शनिवार, ७ डिसेंबर

सगळी रेकॉर्डिंग पुसून टाकायला बसले. आधी सोमवारचं लावून बघितलं — त्यात ती बाई नाहीच! मर्विन फोनवर म्हणाला, ती फक्त कानात असते, रेकॉर्डिंगमध्ये उतरत नाही. म्हणजे माझी ओळ, मग मोकळी जागा. पुन्हा ओळ, पुन्हा जागा. लाज वाटली.

तेवढ्यात मटार सोलता सोलता ह्यांनी त्या मोकळ्या जागेत ओळ म्हटली. बेसूर! पुढच्या जागेतही म्हटली. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाले, "काय झालं? मागून म्हणायला जागा ठेवलीयस ना?"

सोमवारचंच ग्रुपवर पाठवलं.

रविवार, ८ डिसेंबर

दिवसभर ग्रुप उघडून बघत होते. संध्याकाळी हंसाताईंचा व्हॉइस मेसेज आला. माझं रेकॉर्डिंग लावलंय, आणि त्या मागून म्हणतायत.