अकरा इंचांचा मोजा

गाइमान, पातागोनिया
३ मार्च १९६५

ती. लोव्रीआत्यास सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रात सात प्रश्न होते आणि आशीर्वाद एकही नव्हता. तरी आत्याच म्हणतो. माझे आजोबा कॅडवलाडर मेरेडिथ म्हणजे तुमच्या वडिलांचे थोरले भाऊ. १८७५ साली, बाविसाव्या वर्षी ते वेल्स सोडून इकडे अर्जेंटिनातल्या वेल्श वसाहतीत आले. बाबांचं मागणं एवढंच, की तुमच्या चॅपलच्या आवारात घराण्यातल्या गेलेल्यांच्या नावांचा जो दगड आहे त्यावर आजोबांचंही नाव कोरलं जावं. बाबा पंचाहत्तरचे आहेत, छाती साथ देत नाही.

पुरावा मागितलात, तो सोबत आहे. मारीपणजी दर वर्षी आजोबांना मोजे विणून पाठवायची. हा शेवटच्या जोडातला एक. तो तिच्या निधनाच्या बातमीबरोबर आला, म्हणून आजोबांनी कधी पायात घातला नाही. मोजा परत पाठवा हं. माझी बायको डेलिया म्हणते, नातं जुळायच्या आधी मोजाच हरवायचा.

लोभाची निदान सुरुवात व्हावी.
एम्लिन

हेन्द्रे, बालाजवळ, वेल्स
२ एप्रिल १९६५

श्री. एम्लिन मेरेडिथ यांस स. न. वि. वि.

मोजा पोचला. आत्या म्हणायची घाई नको. गेल्या साली ओहायोहून असाच एक 'भाऊ' उगवला. मनुकांच्या पावाचे पाच तुकडे खाल्ले, डोळे पुसले आणि आजोबांचं घड्याळ घेऊन पसार झाला. तेव्हापासून मी नातेवाईक तपासून घेते.

वीण माझ्या मारीआजीचीच आहे. टाच वळवायची तिची ढब लपत नाही. पण आजी प्रत्येकाच्या पायाचं माप दोऱ्यावर घेई. सहा मुलांचे सहा दोरे अजून पेटीच्या झाकणाला टांगलेले आहेत. कॅडकाकाच्या दोऱ्याला बांधलेल्या चिठ्ठीवर तो निघाला त्या आठवड्याची तारीख आहे. दोरा नऊ इंच. तुमचा मोजा अकरा. बाविशीनंतर पाय दोन इंच वाढलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

तेव्हा तुमचे आजोबा कोण होते? आणि आमच्या कॅडकाकाचं काय झालं? उत्तर येईपर्यंत मोजा माझ्याकडे राहील आणि दगडाला छिन्नी लागणार नाही.

लोभाचं नंतर बघू.
लोव्री मेरेडिथ

गाइमान
९ मे १९६५

लोव्रीबाईंस एम्लिनचा नमस्कार.

पत्र वाचून मी संतापलो. बाबांना वाचून दाखवलं, तर ते रागावलेच नाहीत. काठी घेऊन कालव्याच्या बांधावर जाऊन बसले आणि मग बोलले.

आजोबांचं खरं नाव हॉवेल. अनाथाश्रमात वाढलेले, निरोप द्यायलासुद्धा कुणी आलं नव्हतं. कॅडवलाडर त्यांचा जहाजावरचा दोस्त. बुएनोस आयरेसला उतरल्यावर तो तापानं गेला. हॉवेल दुसऱ्या गलबतानं एकटेच पुढे आले. इथल्या चॅपलमध्ये घ्यायचं तर गावच्या चॅपलचं पत्र लागे. त्यांनी दोस्ताचं दाखवलं आणि नाव अंगाला चिकटलं. त्याच्या आईला खरं कळवायला बसले, पण हात धजेना. त्याच्याच नावानं, सुखरूप आहे, एवढंच लिहिलं. उत्तरादाखल मोजे आले. ते पायात शिरेनात, म्हणून आपल्या पायाचा दोरा पाठवला. त्यांच्या पायांची काळजी करणारं आयुष्यात ते पहिलंच माणूस होतं, असं बाबा म्हणाले.

मला लाज वाटते. नाव कोरू नका. मोजा तुमच्या आजीच्या हातचा, तो तुमचाच. बाबा एवढंच विचारतात, की त्या माउलीला फसवल्याची माफी आता कुणाकडे मागायची.

लोभ मागायचा हक्क राहिला नाही.
एम्लिन

हेन्द्रे
१४ जून १९६५

चि. एम्लिन यास लोव्रीआत्याचे अनेक आशीर्वाद.

दोऱ्याचं वाचलं आणि पेटी तळापर्यंत उपसली. आजीच्या बायबलात एक काळी फीत निघाली, आमच्याकडे सुतकात दंडाला बांधतात तसली. तिच्यावर टाके घालून लिहिलंय, कॅडवलाडर, १८७६. त्याच फितीत गुंडाळलेला एक दोरा होता. मोजला. अकरा इंच.

म्हणजे दोरा हाती पडला त्या दिवशीच तिला कळलं होतं, की आपला मुलगा गेला आणि लिहिणारा कुणी दुसराच आहे. तिनं माझ्यासारखी झडती घेतली नाही. कुणाला कळू न देता पोराचं सुतक पाळलं आणि पुढं पंचवीस वर्षं अकरा इंचांचे मोजे विणले. लहानपणी लोकर धरायला तिच्यासमोर मीच बसायची! मला रडू आवरेना, एम्लिन. माझीच मला शरम वाटली.

बाबांना सांग, माफीचं काम आजीनं कधीच उरकून ठेवलंय. पाथरवटाकडे जाऊन आले. दगडावर कॅडवलाडर आणि त्याखाली हॉवेल, अशी दोन नावं येतील. चॅपलमधली मंडळी नाकं मुरडतील, मुरडू देत.

मोजा सोबत आहे. तिकडे थंडी सुरू झाली असेल. बाबांच्या आणि तुझ्या पायाचा दोरा उलट टपाली पाठव. मापात लबाडी करू नकोस, या घरात ती लगेच कळते.

लोभ आजीनं लावलेला आहेच, तो तूही टिकव.
तुझी आत्या
लोव्री