‘देरफूर’मधलं खरेपण

प्रिय नाब्ला,

आपल्या भाषेत बहिणीला जो शब्द आहे, त्यात ‘खरी’ हे पहिल्यांदा कुणी घातलं असेल? गॉलवेला तीन वर्षं आयरिश शिकून पदवी घेतली, तरी मला सांगता येत नाही. सर एवढंच म्हणाले की फार जुन्या काळी बहिणीला नुसतं ‘श्यूर’ म्हणत. पुढे मठातल्या नन्सनाही लोक तेच म्हणू लागले. मग घरच्या बहिणीसाठी त्याच्याआधी ‘देर्व’, म्हणजे खरी, असं जोडलं आणि झिजत झिजत ‘देरफूर’ झालं. वर्गात सगळे लिहून घेत होते. माझी पेन्सिल थांबली.

तू सहा वर्षांची असताना आईनं तुला अनाथालयातून आणलं, तेव्हा मी पाळण्यात होते. माझ्या वेण्या तू घातल्यास. मी शिकावं म्हणून तू लंडनच्या हॉस्पिटलात भांडी घासलीस. आणि आई गेली तेव्हा तिच्या शवपेटीमागे तू माझ्या शेजारी उभी राहिलीस, तेव्हा बार्टलीकाका सगळ्यांदेखत म्हणाला, “घरची पोर पुढं. आणलेलीनं मागं राहावं.” तू मागे गेलीस. चहालाही न थांबता बस धरलीस. घरातली पहिली पदवीधर असलेली मी पायांकडे बघत उभी होते.

नाब्ला, खरेपण त्या शब्दाला जन्मापासून नव्हतं. माणसांनी गरज पडली तेव्हा ते जोडलं. मला त्या दिवशी एवढंही जमलं नाही.

गेल्या महिन्यात आईच्या थडग्यावरच्या दगडासाठी फेस्टी पाथरवटाकडे गेले. काकानं त्याला एकाच मुलीचं नाव सांगितलं होतं. मी दुसरा कागद दिला: ‘साइव्ह आणि तिची बहीण नाब्ला यांनी उभारला.’ फेस्टी छिन्नी कानामागे खोचून म्हणाला, “‘देरफूर’ कोरू की ‘येरफूर’? नीट सांग हो, पंडितबाई. ‘येरफूर’चं मऊ अक्षर पडलं तर ‘तिची’ऐवजी ‘त्याची बहीण’ होईल, आणि ‘ती माझी बहीण का?’ म्हणत बार्टली माझ्या अंगावर येईल!” मी म्हटलं, “कडक अक्षर कोर. तिची.”

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिते आहे. काका अजून बोलत नाही. दगड शनिवारी बसवला. तुझं नाव खोल कोरून घेतलंय, आता ते कुणाला खोडता येणार नाही.

त्या दिवशी गप्प राहिलेली, तुझीच,
साइव्ह