मायकलची उबदार बाजू

२ डिसेंबर, सकाळी ७

माझ्या टेबलाजवळचा प्लग पॉइंट गेला, ही घटना या घराच्या इतिहासात नोंदवून ठेवली पाहिजे. बावीस वर्षं तो माझा होता. आता त्यात मायकलच्या हीट मॅटची पिन बसते आणि माझा मोबाइल स्वयंपाकघरात मसाल्याच्या बरण्यांशेजारी चार्ज होतो. परवा नववी ब मध्ये खिशातून फोन काढला, तर पहिल्या बाकावरचा मुलगा शिंकला.

पुढेमागे मीच विसरलो तर असावं म्हणून लिहितो: मायकल हा अजगर आहे. बॉल पायथन, साडेतीन फूट, सरकारदरबारी रीतसर नोंदलेला. मालकीण क्रिस्टिना, आमची मुलगी. ती सप्टेंबरपासून डब्लिनला नर्स. देवळातल्या चित्रात संत मायकल सापाला पायाखाली तुडवतो. उमेळ्यात आमच्या घरी मायकल हाच साप. नाव तिनेच ठेवलं.

अज म्हणजे बोकड, त्याला गिळतो तो अजगर. हे महाशय दहा दिवसांतून एक उंदीर घेतात. तोही फ्रीजरमधला, आधी कोमट पाण्यात ठेवलेला.

संकल्प: रोज सकाळी काचेच्या पेटीतलं तापमान लिहायचं. उबदार बाजू ३१, थंड बाजू २६. शास्त्र म्हणून. ममत्व नाही.

४ डिसेंबर

३१/२६. काल क्रिस्टिनाचा फोन आला, लिडियाच्या मोबाइलवर. पन्नास मिनिटं. माझ्यासाठी निरोप: मायकलच्या वाटीतलं पाणी रोज बदल. निरोप बायकोमार्फत यावा याचं मला काही वाटत नाही. मी कामात असतो.

७ डिसेंबर, सकाळी ६.५०

अपघात. पहाटे फोनची बॅटरी संपली होती. स्वयंपाकघरापर्यंत जायचा कंटाळा, म्हणून मायकलची पिन काढून माझी लावली. अर्ध्या तासासाठी. मग वह्या तपासत बसलो. लिडिया पापडीच्या चर्चला सहाच्या मिस्साला गेलेली.

साडेसहाला फोन वाजला. क्रिस्टिना. माझ्या फोनवर. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा.

पेटीतला सेन्सर तिच्या मोबाइलला जोडलेला आहे. उबदार बाजू २७ च्या खाली गेली की तिकडे घंटा वाजते. तिकडे रात्रीचा एक. ती नाइट ड्यूटीच्या ब्रेकमध्ये होती. म्हणाली, प्लग बघ. बघितला. म्हणाली, आता आकडा वाच. वाचला. आकडा वर सरकू लागेपर्यंत ती फोनवर थांबली. चार मिनिटं दहा सेकंद.

संकल्प: प्लगला हात लावायचा नाही.

११ डिसेंबर

पिन सैल झाली असावी. मी सैल केली असं म्हणता येणार नाही. मी फक्त ती घट्ट आहे ना, हे पाहिलं. शुद्ध हवेसाठी खिडकीही उघडली. समोर एवढी एक केळीची वाडी अजून शिल्लक आहे, तिथून डिसेंबरचं वारं बरं येतं.

६.३५ ला फोन, आजही नाइट ड्यूटीवरून. लाइट गेली होती, असं मी सांगितलं. आपल्याकडे जातेच. सात मिनिटं. जेवतोस ना नीट, असं तिने विचारलं. मी म्हटलं, २८ झालं.

१३ डिसेंबर

क्रिस्टिनाच्या ड्यूटीचा तक्ता लिडियाने मॅग्नेट लावून फ्रीजवर चिकटवला आहे. दूध काढताना नजर गेली. निळी खूण म्हणजे नाइट. दिवसाची ड्यूटी करून झोपलेल्या मुलीची झोप सापाच्या घंटेने मोडावी, हे अनुचित. देखभालीचं काम काढायचंच झालं, तर निळ्या दिवशी काढावं. इतकंच.

१८ डिसेंबर (निळा)

नियोजित देखभाल. उबदार बाजू २४. अकरा मिनिटं.

तिच्या वॉर्डात एक म्हातारे आहेत. ते तिला रोज वेगळ्या नावाने हाक मारतात, आणि ही प्रत्येक हाकेला ओ देते. बस स्टॉपच्या बाकावर बर्फाचा पापुद्रा धरतो म्हणे. मी विचारलं, मोजे घालतेस ना? म्हणाली, दोन-दोन.

तेव्हा एक सांगायचं तोंडाशी आलं होतं. ती निघाली त्या संध्याकाळी घरात प्रार्थना झाली, सगळ्या मोठ्यांनी तिच्या कपाळावर क्रूस काढला. मी आतल्या खोलीत चाचणीचे पेपर तपासत होतो. ती दाराशी येऊन उभी राहिली होती, हे मला पाठमोऱ्यानेही कळलं. पेपर तेहतीस होते. तेहतीस पेपरांना दोन तास लागत नाहीत.

मी ह्युमिडिटी सांगितली. ६२ टक्के.

२२ डिसेंबर

मायकलने उंदीर नाकारला. थंडीत हे लोक उपास करतात, असं वाचलं. नाताळाआधीचा आगमन काळ चालू आहे. अजगराला असलेलं हे भान आमच्या घरात आणखी कोणाला नाही.

अर्नाळ्याची मासेवाली दारात टोपली ठेवून आत डोकावली. म्हणाली, "मास्तर, तुमचं जनावर मलूल दिसतं. पानी तरी पितं का?" मी म्हटलं, आमची तापमानं लिहिलेली असतात. ती म्हणाली, लिवून काय ऊब येते?

बोंबील महाग लावले.

२६ डिसेंबर

काल नाताळ. दुपारी क्रिस्टिनाचा व्हिडिओ कॉल, लिडियाच्या फोनवर. भोवती मेव्हण्या, भाचरं. मी वडे-कोंबडीची ताटली घेऊन फ्रेमच्या कडेने गेलो. "मेरी ख्रिसमस, डॅडी." मी म्हटलं, मेरी ख्रिसमस. मग फोन पुढे गेला.

३१/२६. काय करणार, तापमान उत्तम होतं.

३ जानेवारी (निळा)

चौदा मिनिटं. उच्चांक. अज आणि गर यांची फोड ऐकवली तेव्हा ती हसली. म्हणाली, लाइट फार जाते रे तुमच्याकडे, तक्रार कर ना. करतो म्हटलं.

मायकल अलीकडे मान वर करून छताकडे बघत बसतो. श्वासाचा आवाज येतो, शिटी होण्याआधी कुकर करतो तसा. मी याला ध्यान समजतो. लिडिया म्हणाली, "प्लासिड, ते ध्यान नाही, ती सर्दी आहे." सापाला सर्दी होते हे तिला कोणी सांगितलं, तर कोणी नाही. आई आहे म्हणे ती.

संकल्प: काही दिवस देखभाल बंद.

५ जानेवारी

संकल्प दोन दिवस टिकला, पण उशिरा केला होता.

तळमजल्यावरची प्रीतल आली. क्रिस्टिनाची मैत्रीण, जखमी साप सोडवून आणणाऱ्यांबरोबर काम करते. तिने मायकलच्या तोंडाशी आलेले बुडबुडे पाहिले आणि त्याला उशीच्या अभ्र्यात घातलं. आम्ही रिक्षाने डॉक्टरकडे गेलो. वाटभर तो तिच्या मांडीवर, शालीखाली.

फुप्फुसात संसर्ग. दिवसाआड इंजेक्शन. डॉक्टरांनी विचारलं, तापमान वारंवार पडत होतं का? मी म्हटलं, आमच्याकडे लाइटचा प्रॉब्लेम आहे.

प्रीतल दवाखान्याबाहेर येईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "काका, माझ्या बाबांचं ऑक्सिजनचं मशीन लाइटवर चालतं. लाइट गेली की आमच्या घरात सगळे उठतात. सबंध डिसेंबरात आम्ही एकदाही उठलो नाही."



६ जानेवारी, दुपारी ३.१०

क्रिस्टिनाचा फोन. घंटा वाजली नव्हती. तापमान ३१ होतं. ती ड्यूटी करून नुकती खोलीवर आलेली.

सेन्सर सगळं साठवून ठेवतो, हे मला माहीत नव्हतं. त्याचा आलेख निघतो.

ती म्हणाली, "डॅडी, ग्राफ समोर आहे. सगळे ड्रॉप माझ्या नाइटला आहेत. मी झोपलेली असताना एकसुद्धा नाही."

पस्तीस वर्षं संस्कृत शिकलो, शिकवलं. एक वाक्य करता आलं नाही.

मग ती म्हणाली, "तुला नुसता फोन लावता आला नसता का रे?"

मी सांगितलं, ३०.५.

तिकडे ती रडत होती की खिडकीशी वारा होता, सांगता येत नाही. शेवटी म्हणाली की मायकलला प्रीतलकडे ठेवूया. "तो काही बोलू शकत नाही, डॅडी. बोलणारी आपण दोघं होतो." मी म्हटलं, बरोबर आहे. पाच मिनिटं. बाकी बहुतेक शांतता होती, पण मोबाइल तीही मोजतो.

७ जानेवारी

पेटी खाली गेली. मॅट, सेन्सर, वाटी, सगळं. लिडियाला रात्री मी सगळं सांगितलं. ती रागवेल म्हणून तयारीत होतो. तिने फक्त विचारलं, "पहाटे पाचला उठून?" आणि माझ्या अंगावर चादर ओढली.

२९ जानेवारी

प्रीतल जिन्यात भेटली. मायकलने काल उंदीर घेतला. श्वास स्वच्छ आहे. त्याला बघायला या म्हणाली. जाईन म्हटलं.

क्रिस्टिना रोज प्रीतलला फोन करते.

२ फेब्रुवारी, रविवार, दुपार

आज सुट्टी आहे, मला आणि तक्त्याप्रमाणे क्रिस्टिनालाही. तिकडे सकाळ असेल. लिडिया बाहेर गेली आहे. मी लेकीचा नंबर तीनदा काढला आणि तीनदा फोन पालथा ठेवला.

मायकल बरा आहे, आकडे प्रीतल बघते, विचारायला काही उरलेलं नाही. ती फोन उचलेल, याची मला खात्री आहे. माझी मुलगी कोणाचाही फोन उचलते. ती हॅलो म्हणेल, मग थांबेल, आणि मला काही बोलता येणार नाही, ही भीती आहे. चोवीस वर्षांच्या मुलीशी काय बोलायचं ते मी कधी शिकलोच नाही, आणि आता शिकेन असं वाटत नाही.